दत्तूकाकांची सरासरी

आमच्या दत्तूकाकांच्या घरात मे महिन्यात ‘उकडतंय’ म्हणायला बंदी आहे.

नव्या पाहुण्याला हे माहीत नसतं. तो बिचारा उन्हातून येतो, सोफ्यावर टेकतो, रुमालानं मान पुसतो आणि काहीतरी बोलायचं म्हणून बोलतो, “काय उकडतंय हो!” की काका उठलेच. “उकडतंय हे तुमचं मत झालं. चला, बघू.” पाहुण्याला पाण्याचा पेला हातात यायच्या आत मागच्या अंगणात नेलं जातं. तिथे चार उंच पायांवर एक पांढरी लाकडी पेटी उभी आहे. तिला चारही बाजूंनी झडपा, आणि आत तापमापक. काका पेटीचं दार उघडतात, पाहुण्याला वाकायला लावतात आणि आकडा त्याच्याच तोंडून वदवून घेतात. मग दार लावून म्हणतात, “हा झाला आजचा आकडा. एका दिवसाच्या आकड्याला काडीचा अर्थ नसतो. सरासरी बघा, सरासरी!” त्यानंतर पाणी.

या पेटीमुळे आमच्या कॉलनीत बरेच गैरसमज आहेत. समोरच्या बंगल्यातल्या आजींना ते कबुतरांचं खुराडं वाटतं. दूधवाला रोज सकाळी तिला नमस्कार करून पुढे जातो; कुठल्या देवाला, हे त्यालाही माहीत नाही, पण चार पाय आणि पांढरा रंग पाहिल्यावर त्यानं धोका पत्करलेला नाही. माझी बायको सुनीता हिनं तर एका उन्हाळ्यात पेटीच्या छपरावर कुरडया वाळत घातल्या होत्या. काका धावत आले. “अगं सुनीता, हे शास्त्रीय उपकरण आहे!” सुनीता म्हणाली, “असू द्या की काका, ऊन तर तेच आहे ना?” काकांनी त्यावर बराच विचार केला. कुरडया संध्याकाळपर्यंत राहू दिल्या, पण त्या दिवशीचं तापमान त्यांनी धरलं नाही. ‘निरीक्षणात कुरडयांचा हस्तक्षेप’ असं कारण मला तोंडी सांगितलं.

दत्तूकाका म्हणजे माझ्या वडिलांचे धाकटे भाऊ. आमचं घराणं मूळचं शेतकरी, नाशिकच्या बाहेरचं. त्यातून काका एकटे शिकत शिकत पार पीएचडीपर्यंत गेले, हवामानाच्या सरकारी खात्यात शास्त्रज्ञ झाले आणि निवृत्तीनंतर नाशिक रोडला आमच्या शेजारचं घर घेऊन राहिले. काकू जाऊन बरीच वर्षं झाली. मूलबाळ नाही. जेवायला आमच्याकडे असतात. मी शाळेत मराठी शिकवतो. विज्ञानात मला दहावीला काठावर पास करण्यात आलं होतं, आणि त्यात माझ्यापेक्षा आमच्या मास्तरांच्या कनवाळूपणाचा वाटा मोठा होता. तेव्हा काकांची मतं समजावून सांगायला मी सर्वांत नालायक माणूस आहे. पण ऐकून ऐकून पाठ झालीत, म्हणून सांगतो.

तर सगळं जग म्हणतं, हवामान बदलतंय, तापमान वाढतंय. काकांचं म्हणणं, तापमान वाढत नाहीये, तापमापक तापतायत. पूर्वी जिथे मोकळ्या माळावर तापमापक होता, तिथे आता इमारती झाल्या, डांबरी रस्ते झाले, शेजारी एसीचे डबे गरम वारा सोडत बसले. “चुलीशेजारी बसवून पोराचा ताप मोजायचा आणि म्हणायचं पोर तापलं!” हे त्यांचं आवडतं वाक्य. पुराव्यासाठी ते स्कूटरवरून कुठल्या कुठल्या गावी जाऊन हवामान केंद्रांचे फोटो काढून आणायचे. इतरांच्या मोबाईलमध्ये नातवंडांचे फोटो असतात, काकांच्या मोबाईलमध्ये एसीच्या मागच्या बाजूचे. लग्नाकार्यात कुणी मोबाईल मागितला की ते कौतुकानं दाखवायचे. बघणारा दोन फोटोंनंतर जेवणाच्या रांगेकडे सरकायचा.

आणि ‘सरासरी’ हा शब्द तर त्यांच्या बोलण्यात मिठासारखा. भाजी खारट झाली की सुनीताला धीर द्यायचे, “वाईट वाटून घेऊ नकोस, तुझी सरासरी चांगली आहे.” माझी मुलगी गणितात नापास झाली तेव्हा घरात सुतक होतं. काका तिला म्हणाले, “एक परीक्षा म्हणजे काहीच नाही. तीस परीक्षा होऊ दे, मग बघू.” मुलीला ते फार पटलं. मला मात्र तीस परीक्षांची फी दिसायला लागली.

नाशकात हवामानावर कुणाचंही व्याख्यान असलं की काका पहिल्या रांगेत. व्याख्यान संपून ‘काही प्रश्न?’ असं म्हणेपर्यंत त्यांचा हात वर गेलेला असे. आयोजक त्यांना ओळखून होते. माईक फिरवणाऱ्याला आधीच ताकीद दिलेली असायची, की पांढरा सदरा, करड्या मिश्या, त्या बाजूला जायचं नाही. काका माईकशिवाय बोलायचे. खात्यात वाऱ्यात उभं राहून आकडे ओरडून सांगायची सवय होती, सभागृह म्हणजे काहीच नाही.

एकदा एक तरुण शास्त्रज्ञ बाई आल्या होत्या. काकांनी त्यांना चुलीचं आणि पोराचं ऐकवलं. त्या रागावल्या नाहीत. म्हणाल्या, “सर, काँक्रीटचा तुमचा मुद्दा अगदी खरा आहे. म्हणून आम्ही तो भाग आकड्यांतून वजा करतो. तरीही वाढ दिसतेच. आणि सर, समुद्रावर तर काँक्रीट नाही ना. तिथेही वाढतंय.”

मी खुर्चीत खाली सरकलो. काका म्हणाले, “समुद्राचं मोजमाप किती वर्षांचं आहे?” बाईंनी सांगितलं. काका “हं” म्हणाले आणि बसले. घरी आल्यावर फाटक उघडताना म्हणाले, “पोरगी हुशार आहे रे. वाईट संगतीत आहे.”

दुसरा प्रसंग माझ्याच अंगाशी आला. सुट्टीनंतर उशिरानं साजऱ्या होणाऱ्या पर्यावरण दिनाला आमच्या शाळेला प्रमुख पाहुणा मिळेना. मुख्याध्यापक म्हणाले, तुमचे काका शास्त्रज्ञ आहेत ना? मी हो म्हणालो. ‘झाडं लावा’ एवढं बोलून ते खाली बसतील, असा माझा अंदाज. माझा अंदाज आणि हवामान खात्याचा अंदाज यांत खात्याचा बरा. काकांनी व्यासपीठावरून मुलांना सांगितलं, की तुमच्या पुस्तकात छापलंय म्हणून खरं मानू नका, स्वतः मोजा. आणि मग पुस्तकातली कोणती ओळ चूक आहे तेही सांगितलं. मुलांनी टाळ्या वाजवल्या. मुख्याध्यापकांनी माझ्याकडे पाहिलं. ते पाहणं मी अजून विसरलेलो नाही. शेवटी रिवाजाप्रमाणे काकांना कडुलिंबाचं रोप भेट दिलं. काकांनी ते घरी आणलं, खड्डा खणून लावलं, आणि आजतागायत पाणी घालतात. मी विचारलं, “काका, हे कशाला? तुमच्या मते तर सगळं ठीक चाललंय.” ते म्हणाले, “झाडाचा आणि माझा काही वाद नाही.”

पण काकांना कुणाशीही भांडायला आवडायचं असं समजू नका. त्यांच्या बाजूनं बोलणाऱ्यांशी ते जास्त भांडायचे. मोबाईलवर स्वतःचं चॅनेल चालवणारा एक गृहस्थ एकदा कॅमेरा घेऊन आला. म्हणाला, “सर, तुम्ही फक्त एवढं बोला, की हे सगळं परदेशी लोकांचं कारस्थान आहे. बाकी मी बघतो.” काकांनी त्याला विचारलं, की तू स्वतः कधी तापमान मोजलंयस का? तो हसला. काकांनी त्याला पेटीपर्यंतसुद्धा नेलं नाही, थेट फाटकापर्यंत नेलं. “माझ्या बाजूनं बोलायचा तुला अधिकार नाही,” हे त्यांनी इतक्या मोठ्यानं सांगितलं, की समोरच्या आजींच्या छपरावरची कबुतरं उडाली. गावाकडची भाषा काका एरवी बोलत नाहीत, पण त्या दिवशी तो गेल्यावर बराच वेळ पुटपुटत होते, “लय शहाणा! कारस्थान म्हणं!”

असा हा माणूस. एका बाजूला सगळे शास्त्रज्ञ, दुसऱ्या बाजूला काका, आणि काकांच्या बाजूला उभं राहायला आलेल्यांना काकाच हाकलणार. त्यामुळे त्या बाजूला गर्दी कधी झालीच नाही.

एकच जागा अशी होती जिथे काकांना कुणी उलट विचारायचं नाही. ती म्हणजे दिंडोरीकडे माईआत्याचं घर. माईआत्या काकांची मोठी बहीण. तिची द्राक्षबाग आहे, आणि आता ती तिचा मुलगा सुधीर बघतो.

ज्यांना द्राक्षं फक्त गाड्यावर दिसतात त्यांच्यासाठी थोडं सांगतो. वेलीची छाटणी वर्षातून दोनदा होते. त्यातली पावसाळ्यानंतरची छाटणी महत्त्वाची, कारण तिच्यावर घड येतात. ती कधी करायची यावर सगळं वर्ष अवलंबून. लवकर केली तर माल लवकर येतो, भाव चांगला मिळतो. पण कोवळ्या घडावर पाऊस पडला की घड सडतो, गळतो. उशिरा केली तर पाऊस टळतो, पण मग सगळ्यांचा माल एकदम बाजारात. त्यामुळे भाद्रपद संपत आला की त्या भागात माणसं एकमेकांना ‘कसा आहेस’ विचारत नाहीत, ‘छाटली का’ विचारतात.

सुधीर कुणालाही विचारायचा नाही. तो मामाला फोन करायचा. “मामा, छाटणी कधी धरू?”

या फोनची काका वाट बघायचे, पण वाट बघतोय असं दाखवायचे नाहीत. फोन आला की लगेच उत्तर नाही. “येतो. बघून सांगतो.” मग इस्त्रीचा सदरा, माझी गाडी, मी चालक. आत्याकडे बाजरीची भाकरी आणि काळ्या मसाल्याची आमटी. त्यानंतर काका बागेत जायचे, दोन-चार वेलींच्या काड्या बोटांनी दाबून बघायचे आणि म्हणायचे, “नवरात्राच्या आधी दोन दिवस धर.” सुधीर मान डोलवायचा. आजूबाजूचे दोघं-तिघं बांधावर उभे असायचे, तेही मान डोलवायचे. परत येताना काका गाडीत गुणगुणायचे. सगळ्या वर्षात त्यांचं गुणगुणणं तेवढंच.

आणि सांगितलेलं बरोबर यायचं. कितीतरी वर्षं यायचं. ते कसं, असं मी एकदा विचारलं, तर म्हणाले, “माझ्याकडे दिंडोरीच्या पावसाची सरासरी आहे. परतीचा पाऊस कधी संपतो ते मला पाठ आहे.”

मग ते बिनसायला लागलं. पाऊस उशिरापर्यंत रेंगाळायला लागला. सुरुवातीला थोडक्यात निभावलं. सुधीरनं रात्रंदिवस फवारण्या करून बाग वाचवली आणि मामाला काही बोलला नाही. असं दोन-तीनदा झाल्यावर एका वर्षी तो बागेत, काकांच्या शेजारी उभा राहून, हळूच म्हणाला, “मामा, एक विचारू? अलीकडं पाऊस दिवाळीपोहतर हाटत नाय. यंदा छाटणी जरा उशिरा धरू का? पलीकडचे समदे थांबलेत.”

काका म्हणाले, “दोन-तीन वर्षांवरून ठरवायचं नसतं, सुधीर. सरासरी बघ.”

“बघतो मामा. पण मोबाईलमधी बी दाखवतंय...”

“मोबाईलला विचारायचं होतं तर मला कशाला बोलावलं?”

सुधीरनं आईकडे पाहिलं. आत्या बांधावर बसली होती, पदरानं वारा घेत. ती म्हणाली, “दत्तू म्हणतोय ना? मग कर.”

सुधीरनं केलं.

पाऊस दिवाळीच्या तोंडावर आला. वेली नेमक्या फुलोऱ्यात होत्या. एक दिवस, एक रात्र, पुन्हा एक दिवस. ढग पेठच्या डोंगरावरून येतच राहिले. काका अंगणात छत्री घेऊन उभे राहायचे, आत यायचे, पुन्हा बाहेर जायचे. सुनीतानं फराळाचं ताट पुढे केलं, त्यांनी चकली उचलली आणि हातातच धरून बसले.

भाऊबीजेला आम्ही गेलो. दरवर्षी जायचोच. बागेत शिरल्यावर ओल्या पोत्यासारखा वास आला. काकांनी एका घडाला हात लावला, तर बारीक मणी वाळूसारखे त्यांच्या तळव्यात गळून आले. त्यांनी दुसऱ्या घडाला हात लावला नाही. तारेच्या पलीकडे शेजाऱ्याची बाग होती. त्यानं उशिरा छाटलेली. वेलींना नुकते कोंब फुटत होते, हिरवेगार. पावसानं त्यांचं काही बिघडलं नव्हतं.

सुधीर म्हणाला, “होतं मामा असं. निसर्ग हाय.”

त्यानं चार शिव्या दिल्या असत्या तर काकांना बरं वाटलं असतं. निदान मला तरी बरं वाटलं असतं. आत्यानं पाट मांडला, ओवाळलं, कपाळाला कुंकू लावलं, करंजी भरवली. बागेचं एक अक्षर काढलं नाही. काकांनी मान वर केली नाही, त्यामुळे कुंकू जरा भुवईवरच लागलं.

परत येताना गाडीत काका म्हणाले, “अपवाद आहे हा. सरासरीत अपवाद धरलेलेच असतात.”

मी गाडी चालवत होतो. सुनीता खिडकीबाहेर बघत राहिली. काका पुन्हा म्हणाले, “धरलेलेच असतात.”

पुढच्या वर्षी भाद्रपद आला आणि संपत आला. काकांनी मोबाईल चार्जिंगला लावून ठेवायला सुरुवात केली. व्याख्यानाला जाणं सोडलं, कारण सभागृहात मोबाईल बंद ठेवायला सांगतात. बाजारात गेले तर पाच मिनिटांत परत. आल्या आल्या सुनीताला विचारायचे, “तुमच्या फोनवर कुणाचा आला होता का?” सदऱ्याला इस्त्री करून ठेवलेली. शेवटी एकदा जेवताना म्हणाले, “सुधीरच्या फोनला रेंज नसते वाटतं. त्यांच्याकडे टॉवरचा प्रॉब्लेम आहे.”

मी गच्चीवर जाऊन सुधीरला फोन लावला. पहिल्याच रिंगला उचलला.

“छाटणी झाली का रे?”

“परवाच उरकली, दादा. उशिरा धरली यंदा.”

“मामाला फोन नाही केलास?”

पलीकडे चालू असलेला ट्रॅक्टर बंद झाला. मग सुधीर म्हणाला, “कसा करू, दादा? मामाला विचारलं की ऐकावं लागतं. आई त्यांचा शब्द मोडू देत नाय. मला परत ते नकोय, आन मामाला नाय म्हणायची माझी हिंमत नाय. त्यापरीस न विचारलेलं बरं.”

मी खाली आलो. काकांचं जेवण झालं होतं, तरी ते ताटावरच बसले होते.

“सुधीरचा सहज फोन होता,” मी म्हणालो. “कामात आहे खूप.”

“छाटली त्यानं?”

“हो.”

“कधी?”

“परवा.”

काकांनी ताटातलं उरलेलं मीठ बोटानं एका बाजूला केलं. “उशीर केला,” ते म्हणाले, आणि हात धुवायला उठले. त्या दिवसापासून मोबाईल चार्जिंगला दिसला नाही. दोन-तीनदा तर पूर्ण बंद पडलेला सापडला.

दिवाळी आली. भाऊबीजेच्या सकाळी काका म्हणाले, “तुम्ही जाऊन या. माझा गुडघा दुखतोय.”

सुनीता डबे भरत होती. तिनं मान वर न करता विचारलं, “गुडघ्याची सरासरी किती आहे, काका?”

एरवी असल्या प्रश्नावर काका हसले असते. ते नुसते उभे राहिले. मग सुनीतालाच कसंतरी वाटलं. ती म्हणाली, “आत्या वाट बघतील हो. त्यांना दुसरा भाऊ आहे का आता?” माझे वडील गेल्यापासून नव्हता. काका आत गेले आणि सदरा बदलून आले.

गंगापूर रस्ता सोडून गाडी दिंडोरीच्या बाजूला लागली तेव्हा काका एकदम बोलायला लागले. समोर बघत, माझ्याशी नाही, काचेशी बोलल्यासारखे.

“ती सरासरी मोजली कुणी, माहितीय तुला?”

“तुम्ही.”

“मी कुठला मोजतोय? मी पुण्याला शिकत होतो. माई लग्न होऊन नुकती गेली होती तिथे. मी तिच्या अंगणात एक पर्जन्यमापक बसवून दिला. म्हटलं, माई, रोज सकाळी यातलं पाणी मोजायचं. तिची सासू कटकट करायची, पाणी मोजून भाकरी मिळते का म्हणून. माई पहाटे धारा काढायला उठायची, आधी पाणी मोजायची. गोठ्याच्या भिंतीवर कोळशानं लिहून ठेवायची. मी भाऊबीजेला जायचो आणि भिंतीवरून उतरवून घ्यायचो. इतकी वर्षं. पोटुशी होती तेव्हासुद्धा. दाजी गेले त्या आठवड्यातसुद्धा. नवं घर बांधलं तेव्हा भिंत पाडली, म्हणून थांबलं.” काका थांबले. “लोकांकडे ओवाळणी म्हणून भाऊ बहिणीला साडी देतो. मला तिनंच दिलं सगळं. माझा पहिला प्रबंध त्याच पावसावर आहे.”

मी भीत भीत म्हणालो, “पण काका, तिनं मोजून ठेवलं म्हणूनच तर कळतं ना, काय बदललं ते?”

“ते मला कळत नाही असं वाटतं का तुला?” आवाज चढला नव्हता. “प्रबंधात लिहायला ठीक आहे रे. तिच्यासमोर बसून कसं म्हणू? की माई, तू मोजलेला पाऊस आता पडत नाही.”

मागच्या सीटवर सुनीतानं डबा मांडीवर घट्ट धरला. मला वाटलं काका अजून काही बोलतील. ते म्हणाले, “ट्रकला साइड दे.”

आत्या ओट्यावरच उभी होती. “आला का रं दत्तू? मला वाटलं, यंदा येतो का नाय.” सुधीर पुढे आला, मामाच्या पाया पडला. चहा झाला. ओवाळणं झालं. या वेळी कुंकू कपाळावर लागलं. सुधीर म्हणाला, “मामा, बागंत चक्कर मारू. घड चांगलं निघालंत.” काका म्हणाले, “तू दाखव यांना. मी बसतो इथे माईपाशी.” सुधीरचा चेहरा पडला. सुनीता त्याच्याबरोबर गेली. मला गाडीतले डबे काढायचे होते, म्हणून मी मागे राहिलो.

अंगणात नुकत्या उपटून तोडलेल्या भुईमुगाच्या शेंगांचा ढीग होता. अजून ओल्या, माती लागलेल्या. काका खाटेवर बसले. आत्या ढिगापाशी खाली बसली.

“पोरानं फोन केला नाय म्हणून रुसला का रं?” आत्यानं विचारलं.

“नाही गं.”

“मग?”

“रुसायचं काय त्यात. मला विचारावं असं काही राहिलं नाही, माई.”

आत्यानं एक शेंग फोडली, दाणा तोंडात टाकला. काकांपुढे एक केली. त्यांनी घेतली नाही.

“मला विचारायचंय की,” आत्या म्हणाली. “ह्या शेंगा बघ. खालनं भिजल्यात. ढिगात ऱ्हायल्या तर बुरशी धरतील. पसरायला झाल्यात. पण पसरल्या आन पाऊस आला तर? सांग. पसरू का नको?”

काकांनी वर पाहिलं. आभाळ बहुतेक स्वच्छ होतं. पेठच्या बाजूला डोंगरांवर ढगांचा थोडा पांढरा गठ्ठा बसला होता, इतकंच. माझ्या हातात डबा होता आणि मी डबा घेऊन तसाच उभा. या प्रश्नाचं उत्तर मी लहानपणापासून ऐकत आलो होतो. कोणत्या महिन्यात, कोणत्या आठवड्यात, कुठल्या बाजूनं, किती. काका बराच वेळ वर बघत राहिले.

मग ते म्हणाले, “सांगता येत नाही, माई.”

आत्या बघत राहिली.

“खरंच सांगता येत नाही. आता मला सांगता येत नाही.”

मला वाटलं आत्या काहीतरी समजुतीचं बोलेल. तिनं पदर खोचला आणि ढिगात हात घातला. “मग जाऊ नको आज. राहा दोन दिवस. पसरू आपण. आला पाऊस तर दोघं मिळून गोळा करू.”

काकांनी सदऱ्याच्या बाह्या दुमडल्या. गुडघा खरंच दुखत असावा, कारण खाली बसायला त्यांना वेळ लागला. मी हात द्यायला पुढे झालो, तर आत्यानं डोळ्यांनीच मला लांब राहायला सांगितलं.

संध्याकाळी मी आणि सुनीता दोघंच परत निघालो. सुधीर फाटकापर्यंत आला होता, पण तो आमच्याकडे बघत नव्हता, अंगणाकडे बघत होता. अर्ध्या अंगणात शेंगा पसरल्या होत्या. काका ओणवे होऊन तळहातानं ढीग पुढे ढकलत होते.

“पातळ पसर रं, दत्तू,” आत्या सांगत होती. “असा ढीग नको लावू. तुला हे कधी जमलंच नाय.”

“हो,” काका म्हणाले, आणि पुन्हा सुरुवातीपासून पसरायला लागले.